न विचारता आणलेलं

१

माझ्या बाल्कनीतलं एकही झाड विकतचं नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. हर्षला शेजारी असली तर डोळा मारून पुढचं बोलायची, "आणि मागितलेलंही नाही."

हर्षला आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिला डॉक्टरांनी साखरेपायी चालायला सांगितलं होतं. मला कोणीच काही सांगितलं नव्हतं, मी झाडांसाठी चालायचे. माझा नवरा नरेश सकाळच्या पाळीला भिवपुरीच्या वीजकेंद्रावर गेला, लेकीला, म्हणजे मित्राला, शाळेत सोडलं, की आम्ही दोघी दहिवलीतून नदीकडच्या रस्त्याला लागायचो. ओढणीच्या गाठीत ओला रुमाल आणि रुमालात माझी दोरे कापायची छोटी कात्री. मी घरी ब्लाऊज शिवते, त्यामुळे कात्रीला धार कायम असायची.

मुंबईकरांच्या बंद फार्महाऊसच्या भिंतीवरून आलेली बोगनवेल, कुणाच्या फाटकाबाहेर डोकावणारी दुहेरी जास्वंद, दवाखान्याच्या आवारातला क्रोटन, काही सोडलं नाही आम्ही. हर्षला घरमालकिणीला बोलण्यात गुंतवायची, काय बाई सुंदर ठेवलीत झाडं म्हणायची, आणि मी वाकून चप्पल नीट केल्यासारखं करायचे. कच्, एवढाच आवाज.

आमच्याकडे झाडं लावणाऱ्या सगळ्याच बायका मानतात की मागून आणलेली फांदी धरत नाही आणि चोरून आणलेली हमखास धरते. माझी आई मानायची, तिची आई मानायची. मनी प्लांटच्या बाबतीत तर चांगली शिकलेली माणसंही हळूच कानात हेच सांगतात.

नरेशला मात्र यात चेष्टेला कायमचा विषय मिळाला होता. "रविवारी विहारात हात जोडून म्हणायचं, जे दिलेलं नाय ते घेणार नाय. सोमवारी कात्री घेऊन निघायचं. वा, पौर्णिमाबाई."

"शील चोरीबद्दल आहे," मी म्हणायचे. "चोरीत समोरच्याचं काहीतरी कमी व्हायला पाहिजे. फांदी घेतली की झाडाला उलट दोन फुटवे येतात. मी फुकटात छाटणी करून देते लोकांची."

हे ऐकून मित्रा खो खो हसायची. संघमित्रा, आमची एकुलती एक, चौथीत गेलेली. दिवसभर तोंड चालू. बोलत नसली तर गुणगुणायची. शब्द नसलेली एक चाल होती तिची, तिचीच. वर जाता जाता मधेच तुटायची, कारण नेमकं तिथेच तिला नाक ओढावं लागायचं. बारमाही सर्दी. गणितं सोडवताना, पोळी खाताना, झोपेत कूस बदलतानासुद्धा ती चाल चालू असायची, आणि मी मशीनवरून ओरडायचे, "अगं, जरा गप बस की!"

२

रस्ता जिथे नदीकडे उतरतो तिथे इंदूबाईंचं घर आहे. कौलारू, पुढे पडवी, बाजूला विहीर आणि भोवती तारेचं कुंपण. इंदूबाई एकट्या राहायच्या. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. शाळेतून पायी येणारी मुलं त्याच कुंपणाच्या कडेनं घरी यायची, आमची मित्राही.

कुंपणाला लागून एक जुना बटमोगरा होता. खोड मनगटाएवढं जाड, साल फाटलेली. पण त्या पावसाळ्यात त्याला एक लांब, लुसलुशीत फांदी आली होती आणि तिच्या शेंड्याला कळ्या होत्या, बोराएवढ्या गोल. असा मोगरा मी कुठल्या नर्सरीतही पाहिला नव्हता. मी तारेवरून वाकून बघत असतानाच इंदूबाई पडवीतून आल्या.

"फूल पायजे का गं बाय? घे की."

"नको मावशी, नुसतं बघतेय."

"लावायचा आसंल तर सांग. दाब टाकून देते. फांदी वाकवायची, मातीत दाबायची, मुळं धरली की मग कापायची. झाडाला कळतबी नाय. महिनाभर लागंल, पण माग. मागितलं तर मी कुणाला नाय म्हणत नाय."

मी गोड हसले आणि नको नको म्हणत निघाले. त्या आत वळल्यावर हर्षला मला म्हणाली, "देत होती ना ती! घ्यायचीस की."

"दिलेली लागत नाही गं. एवढा सुंदर मोगरा काय वाया घालवायचा?" आम्ही अजून कुंपणाशीच उभ्या होतो. मी आवाज फारसा खाली केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पडवीत कोणी दिसलं नाही. मी ती फांदी कापली. कोवळी होती, कात्रीला जोर लावावा लागला नाही. बाकीच्या झाडाकडे मी पाहिलं नाही. कुंपणाशी चोरासारखं उभं राहून झाडाची ख्यालीखुशाली कोण विचारतं?

३

घरी आणून मी सगळं रीतीनं केलं. खालची पानं काढली. कळ्या खुडल्या, कारण कळ्या ठेवल्या की सगळा जोर फुलात जातो आणि मूळ धरत नाही. बुडाला तिरपा छेद दिला, मध लावला, आइस्क्रीमच्या डब्यात माती भरून खोचली आणि वरून पाण्याची अर्धी कापलेली बाटली उपडी घातली. सावलीत ठेवली. मोगरा लगेच धरला. इतक्या लवकर कोंब फुटलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि हर्षलाला वर जाऊन बोलावून आणून दाखवला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी मित्राच्या वेण्या घालत होते. तिच्या मानेवर, केसांच्या अगदी खाली, एक भोवरा आहे. त्याच्यापायी भांग कधी सरळ येत नाही आणि रोज आमची लढाई होते. डावी वेणी घातली, रिबीन बांधली. उजवी घालताना हाताला कमी लागली. शेवटी टोक पाहिलं तर केस कापलेले होते. झिजलेले नव्हते, तुटलेले नव्हते. एका झटक्यात कापलेले, आणि तेही तिरपे. कापडाला उरेब छेद देतात तसे. हा छेद मी रोज देते, मला तो ओळखायला उजेड लागत नाही.

"कुणी कापले गं?"

"काय?"

"केस. शाळेत कुणी खोडी केली का?"

"नाय." ती विचारात पडली. "मला आठवत नाय, आई. मी काल येताना मोगरा बघत होते."

"कुठला मोगरा?"

"तो, आजीच्या कुंपणातला. वास येत होता."

मी शाळेत जाऊन बाईंना भेटले. त्यांनी मागच्या बाकावरच्या दोन मुलांना उभं केलं आणि ती दोघं रडायला लागली. मी म्हटलं, जाऊ द्या हो, केस काय, वाढतील पुन्हा. आणि मला तसंच वाटलं होतं. खरंच सांगते, मला दुसरं काही वाटलं नव्हतं.

४

घर शांत झालं आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मशीनचा आवाज चालू असला की बाकी काही ऐकू येत नाही. एका दुपारी दोरा तुटला, मशीन थांबलं, आणि मित्रा समोर बसून गणितं सोडवत होती. पेन्सिलीचा आवाज येत होता. पंख्याचा येत होता. तिचा नव्हता.

"आज गाणं नाही का?" मी विचारलं.

"कुठलं गाणं?"

मी गुणगुणून दाखवलं. मधे जिथे ती नाक ओढायची तिथे मीही ओढलं, तिला हसवायला म्हणून. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान आहे." पाहुण्यांच्या घरी बोलावं तशा आवाजात.

तिची सर्दी बरी झाली होती. बडबड थांबली होती. जेवायला बसवलं तर जेवायची, नाही बसवलं तर मागायची नाही. बाल्कनीत ऊन आलं की उठून आतल्या कोपऱ्यात जायची. बाईंनी मुद्दाम फोन केला, संघमित्रा किती शहाणी झाली म्हणून. माझी सासू म्हणाली, मोठी झाली पोर. मला काय होतंय ते मला सांगता येईना, म्हणून मी नरेशशी भांडले.

त्यानंतर एका सकाळी मी आणि हर्षला नदीकडून परत येत होतो. इंदूबाईंच्या विहिरीमागे हिरवी शेडनेट ताणलेली दिसली. बुटकी, कमानीसारखी, खाली वाकून जावं लागेल एवढीच. आत बारीक फवारा चालू होता, त्याची सुरसुर ऐकू येत होती. आणि सुरसुरीच्या खालून ती चाल आली. वर गेली. मधे तुटली. कुणीतरी नाक ओढलं.

मी हर्षलाचा हात धरला. "ऐकलंस?"

"काय? कुणाचं तरी पोर गातंय."

"इंदूबाईंकडे कुणाचं पोर?"

"भाचरं असतील गं कुणी. नाहीतर मोबाइल लावला असेल." ती माझ्याकडे बघायला लागली. "पौर्णिमा, चल आता, ऊन चढतंय."

मित्रा तेव्हा शाळेत होती. मी घरी जायच्या आधी शाळेत गेले आणि खिडकीतून पाहिलं. ती तिच्या बाकावर होती. हात मांडीवर ठेवून, जशी बसवली होती तशी.

५

मन शंभर कारणं देतं. मूल कुणाचंही असेल, चाल कुणीही उचलतं, शाळेतून येताना मित्रा गात येत असेल आणि तिथल्या पोरानं ऐकली असेल. ही सगळी कारणं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत मी दुपारची एकटीच निघाले.

इंदूबाई विहिरीशी भांडी घासत होत्या. मी फाटकातून आत शिरले आणि आधी कुंपणाकडे पाहिलं. मोगरा वाळला होता. खोडापासून शेंड्यापर्यंत, काटकी झाला होता.

"मावशी, मोगरा..."

"गेला." त्यांनी हात धुतले. "आमच्या ह्यांच्या हातचा होता. म्हातारा झालेला. यंदा त्याला येकच फुटवा आला. मी म्हटलं, तेवढ्यावर तग धरंल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला उभं राहणं सोपं गेलं असतं. "तुझ्याकडं लागला का?"

कुठला, असं मी विचारायला हवं होतं. पण मी म्हणाले, "लागला."

"बरं झालं. कुठं तरी जगला."

"तुम्ही मला बघितलं होतं?"

"पडवीतच होते की, खांबामागं."

"मग हाक का नाही मारलीत?"

"लाजली असतीस गं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "हाक मारणार होते. मग म्हटलं, हिचं लागतं का बघू तर खरं. तू आदल्या दिवशी बोललीस ना, मागितलेलं लागत नाय. ते ऐकल्यापासून डोक्यातनं जाईना माझ्या. मी जल्मभर मागतच राहिले, बाय. देवाला मागितलं, डॉक्टरला मागितलं. दिराचं धाकटं पोर मागितलं पदर पसरून. काय लागलं नाय. न इचारता घ्यावं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

शेडनेटच्या आत फवारा थांबला. थेंब पडत राहिले.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"नको जाऊ. अजून ऊन सोसत नाय."

मी गेले. जाळी उचलली नाही, तेवढं धैर्य नव्हतं. दोन जाळ्या जिथे एकमेकींवर येत होत्या तिथल्या फटीतून पाहिलं. आत ओलसर हिरवा उजेड होता. गोणपाट अंथरलेलं, भिजलेलं. त्याच्यावर पाठमोरं काहीतरी बसलं होतं, दोनेक वर्षांच्या मुलाएवढं, गळ्यापर्यंत फडक्यात गुंडाळलेलं. केस ओले, मानेला चिकटलेले. त्या मानेवर, केसांच्या अगदी खाली, भोवरा होता.

मागून इंदूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हलवू नको हां. मुळं धरली का बघायला हलवायचं नसतं, तुला तर ठाव हाय."

६

नरेशला सांगायला मला फार दिवस लागले, आणि तोवर दिवाळी आली होती.

मित्राला नवा फ्रॉक शिवायला घेतला. माप घेतलं आणि टेप पुन्हा लावली. मागच्या वर्षीच्या मापात ती मावत होती, सैल. खांद्यात कमी, उंचीत कमी. टेप माझी, हात माझा, कापड बेतताना माझी कधी चूक होत नाही. मी तो फ्रॉक कापलाच नाही. कात्री हातात घेऊन नुसती बसून राहिले आणि मित्रा समोर हात पसरून उभी राहिली, मी खाली घे म्हणेपर्यंत.

कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे रक्त घेतलं, फोटो काढले, पोटावर यंत्र फिरवलं. सगळं चांगलं निघालं. मोठे डॉक्टर म्हणाले, काही मुलं अशी असतात, खाण्यापिण्याकडे लक्ष द्या. परतताना नरेशच्या मांडीवर ती झोपली होती आणि तिला पाय आखडून घ्यावे लागले नव्हते. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.

तो हसला नाही. चिडलाही नाही. तिला वारा लागू नये म्हणून त्यानं गाडीची खिडकी ओढून घेतली. मग म्हणाला, "ती देत होती ना तुला?"

"हो."

"दाब टाकून देते म्हणाली होती?"

"हो रे."

"मग?"

 चांगला मोगरा वाया जाऊ नये म्हणून? मी तोंड फिरवून रडत राहिले.

रविवारी तो मला घेऊन इंदूबाईंकडे गेला. मोगरा आता कुंडीत मांडीएवढा उंच झाला होता, तो त्यानं हातात घेतला होता. इंदूबाईंनी आम्हाला पडवीत बसवलं, काळा चहा दिला. नरेश विहिरीमागे जाऊन शेडनेटखाली वाकून आला. मिरचीची आणि वांग्याची रोपं होती म्हणाला. मी बघितलं, तर खरंच रोपं होती. एका कोपऱ्यात गोणपाट अंथरलेलं होतं, ते मी त्याला दाखवलं. "गोणपाट हाय, पौर्णिमा," तो म्हणाला. लहान मुलाला समजवावं तसं.

तरी त्यानं इंदूबाईंपुढे हात जोडले. "हिनं न विचारता नेलं. चुकलं तिचं. हे तुमचं तुम्ही परत ठेवा." मीही हात जोडले, खाली वाकले. मनापासून वाकले.

"अगं, माफ हाय गं. कधीच माफ हाय," इंदूबाई म्हणाल्या. "पर झाड नको आणून ठेवू हितं. त्याला आता तुझ्याकडची सवय लागली."

आम्ही कुंडी तिथेच ठेवून आलो. ती वाळली. माफी मागितली होती, मिळालीही होती, आणि मित्रा तशीच कमी कमी होत राहिली.

तिचं शाळेत जाणं सुटलं. ती अंथरुणावर असायची, आतल्या खोलीत, पडदे ओढून. संध्याकाळी नरेश तिच्या उशाशी बसून त्रिशरण, पंचशील म्हणायचा. दुसऱ्या, न दिलेलं न घेण्याच्या शीलाशी आला की त्याचा आवाज अडायचा. मग माझ्याकडे न बघता पुढे जायचा. तो मला कधी एका शब्दानं बोलला नाही. मी त्याला म्हटलंही एकदा, बोल, मार मला. तो म्हणाला, "त्यानं काय होणार हाय?"

७

थंडी पडली होती. हर्षला हल्ली एकटीच फिरायला जायची. मी तिला टाळायचे, तीही मला. त्या दिवशी तिनं दारावर जोरजोरात बेल वाजवली. चेहरा नुसता फुललेला होता.

"अगं, सांगायचं नाही होय! मित्रा बरी झाली!"

मी दाराच्या चौकटीत आडवी उभी राहिले.

"आता बघितलं ना, नदीकडच्या रस्त्याला. कसली पळत होती! मी हाक मारली तर वळलीसुद्धा नाही, शिष्ट कुठली. पण एकटीला कशाला सोडतेस एवढ्या लांब..." बोलता बोलता तिची नजर माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीत गेली. पलंग तिथून दिसतो. तिनं दारातून पाय मागे घेतला. मग जिना चढून वर गेली आणि तिच्या दाराची कडी वाजली.

मी शेजारच्या काकूंना बसवलं आणि निघाले. वाटेत काय ठरवत होते ते मला माहीत आहे. ती माझी आहे, उचलून आणायची. ओढून, फरफटत, पण आणायची.

शेडनेट काढून टाकली होती. अंगणात स्वच्छ ऊन होतं आणि उन्हात ती बसली होती. खडे झेलत होती. अंगात जुन्या लुगड्याचा फ्रॉक होता, हातशिलाईचा, घेर वाकडातिकडा. गाल वर आलेले, गुडघ्यावर खरचटलेलं. गुणगुणत होती. चाल वर गेली, तुटली, तिनं नाक ओढलं आणि मनगटानं पुसलं. मी किती वेळा रागावले होते त्या मनगटावरून! खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतक्या महिन्यांनी माझी मुलगी मला दिसत होती.

पडवीत इंदूबाई उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत, आड आल्या नाहीत.

"मावशी, मी मागते," मी म्हणाले. "पाया पडते. मला द्या ती."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "ने की. मी कोण अडवणार? पर नेऊन काय करशील गं? तिकडच्या पोरीला चिकटवशील?"

 इतकी वर्षं झाडं लावते, कापलेली फांदी परत झाडाला लागत नाही हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. उपटली तर हीही जाईल. आणि माझ्या हातानं जाईल.

आमचं बोलणं ऐकून तिनं मान वर केली. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून हात आडवा धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मित्राचे डोळे, मित्राचा पुढचा किंचित वाकडा दात. सगळं होतं, काही म्हणजे काही राहिलं नव्हतं.

"कोण पायजे?" तिनं विचारलं.

 ती थोडी थांबली, मग घराकडे तोंड करून ओरडली, "आये, कोण आलंय बघ!" आणि पुन्हा खडे झेलायला लागली.

८

घरी आले. काकूंना जायला सांगितलं. त्यांनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे त्यांनाही दिसत होतं.

मित्रा भिंतीकडे तोंड करून पडली होती. पांघरुणाखाली फारसा उंचवटा नव्हता. मी शेजारी बसले आणि तिच्या केसांत हात घातला. मानेवर भोवरा हुडकला. तिथे आता केस सरळ होते, गुळगुळीत. भांग पाडायला कसलीच अडचण आली नसती.

"मित्रा," मी म्हटलं. "आईला काहीतरी बोल, बाळा."

ती वळायला लागली, तिला जमेना, म्हणून मीच तिला वळवली. हाताला काही वजन लागलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, दुःखानं नाही. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल काळजी होती.

"ती तुला ओळखत नाय ना अजून?" ती म्हणाली.

मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं. नरेशनंही नाही. मी तोंडात ओढणी कोंबली.

"रडू नको. रोज जात जा, आई. रोज बघितलं की ओळखेल." एवढं बोलून तिला दम लागला. डोळे मिटून ती थोडी पडून राहिली. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "आता जा. अजून खेळत असेल ती."

नरेशला यायला अवकाश होता. मी तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला, पडदा नीट ओढला आणि चपला घातल्या.